सिंगापूर ते न्यूयॉर्क, न थांबता

लेकीचा पदवीदान समारंभ मे २०२४ मध्ये न्यूयॉर्कला होणार हे कळलं, तेव्हा आनंदाच्या पाठोपाठ मनात आलेला प्रश्न अगदी रोकडा होता: इतका वेळ आपल्याला बसवेल का? आम्ही दोघं सिंगापूरला राहतो. माझी पन्नाशी उलटलेली, डाव्या पायात व्हेरिकोज व्हेन्स (फुगलेल्या शिरा), आणि मुंबईला जायचं म्हटलं तरी साडेपाच तासांत घोटे सुजतात. न्यूयॉर्क म्हणजे त्याच्या तिप्पट. नवरा म्हणाला, "अगं, जगातलं सगळ्यात लांबचं विमान आपल्याच गावातून सुटतं." त्याला हे सांगताना कौतुक वाटत होतं, मला धडकी भरत होती.

आता जाऊन आलो. आमच्या वयाचे, काही ना काही दुखणं असलेले बरेच जण या प्रवासाआधी असेच गोंधळतात, म्हणून क्रमाने लिहिते.

सुरुवात व्हिसापासून, ऑक्टोबर २०२३. आम्ही भारतीय पासपोर्टवर सिंगापूरचे पीआर (कायमचे रहिवासी), त्यामुळे अर्ज इथल्याच अमेरिकी दूतावासात. डीएस-१६० हा ऑनलाइन फॉर्म कठीण नाही, चिवट आहे. मागच्या पाच वर्षांतले प्रवास, नोकऱ्यांच्या तारखा, समाजमाध्यमांवरची खाती, सगळं विचारतात. थोडा वेळ हात थांबला की तो बंद पडतो, म्हणून अर्ज क्रमांक पहिल्या पानावरच लिहून ठेवा आणि दर पानाला सेव्ह करा. फी माणशी १८५ अमेरिकी डॉलर, व्हिसा मिळो न मिळो, परत नाही. नेपियर रोडवरच्या मुलाखतीला रांग मोठी होती, प्रश्न मोजके: कशाला जाताय, खर्च कोण करणार, इथे किती वर्षं आहात. लेकीच्या विद्यापीठाचं पत्र नेलं होतं, ते कुणी मागितलंही नाही. काही दिवसांनी पासपोर्ट परत आले, दहा वर्षांचा व्हिसा लागून.

पीआर असाल तर आणखी एक गोष्ट बघा: री-एंट्री परमिटची, म्हणजे बाहेर जाऊन परत येण्याच्या परवान्याची मुदत. सिंगापूरबाहेर असताना हे परमिट चालू नसेल तर पीआरच धोक्यात येतो. आमचं चालू होतं, पण तारीख उघडून बघेपर्यंत छातीत धडधड होतीच.

डिसेंबरात तिकिटांकडे वळलो आणि माझा खरा अभ्यास सुरू झाला. अंतर दाखवणाऱ्या संकेतस्थळावर सिंगापूरचा चांगी विमानतळ ते न्यूयॉर्कचा जेएफके १५,३४९ किमी आणि वेळ सतरा तास. विमान कंपनीच्या वेळापत्रकात साडेअठराच्या वर. दीड तासाचा फरक कुठून आला? दोन रात्री मी याच्यामागे होते आणि उत्तर सापडल्यावर भीती निम्म्याने कमी झाली, म्हणून जरा सविस्तर सांगते.

ते १५,३४९ म्हणजे पृथ्वीच्या गोलावर दोन विमानतळांमध्ये काढलेली सगळ्यात आखूड रेघ. सपाट नकाशावर ती समजतच नाही. घरातल्या जुन्या पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून बघितला, तर तो पॅसिफिकवरून नाही आणि युरोपवरूनही नाही, सरळ उत्तरेला चढला आणि ध्रुवावरून पलीकडे उतरला! सिंगापूर १०४ अंश पूर्वेला, न्यूयॉर्क ७४ अंश पश्चिमेला. बेरीज १७८, म्हणजे दोन्ही गावं पृथ्वीच्या जवळपास समोरासमोरच्या रेखांशांवर. मग गणित शाळेतलंच उरतं. सिंगापूरपासून उत्तर ध्रुव ८८.६ अंशांवर, तिथून न्यूयॉर्क ४९.४ अंश खाली. एकूण १३८ अंश. एका अंशाला साधारण १११.२ किमी. गुणा करा, १५,३४६ येतात. संकेतस्थळाच्या आकड्याशी तीन किलोमीटरचा फरक! मी नवऱ्याला झोपेतून उठवून हे दाखवलं. त्याने "बरं" म्हणून कूस बदलली.

तर या आखूड रेघेला ताशी ९०० किमीने भागलं की सतरा तास येतात. संकेतस्थळ एवढंच करतं. विमान मात्र आखूड रेघेवरून जातंच असं नाही. ते वारा बघून जातं. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जेट स्ट्रीमचे वारे असतात. ते पाठीशी घेता येत असतील तर हजारभर किलोमीटरचा वळसाही वेळेत परवडतो. शिवाय वेळापत्रकातली वेळ गेट सोडल्यापासून गेट गाठेपर्यंतची असते. धावपट्टीकडे रांगत जाणं, उतरल्यावर गेट मोकळं होण्याची वाट बघणं, सगळं तिच्यात येतं. तिकिटाचा विचार करताना वेळापत्रकाचाच आकडा धरा, अंतराच्या संकेतस्थळाचा नको.

मग थांबा घ्यावा की थेट जावं? इथे मला आश्चर्य वाटलं. टोकियोमार्गे गेलं तर सिंगापूर–नारिता सुमारे ५,३५० आणि पुढे न्यूयॉर्क सुमारे १०,८५०. बेरीज १६,२००. फ्रँकफर्टमार्गे १०,३०० अधिक ६,२००, म्हणजे १६,५००. दुबईमार्गेही सतरा हजाराच्या आतच. थेट रेघेपेक्षा फार तर दीड हजार किलोमीटर जास्त, हवेत पावणेदोन तासांचं काम. पण तिकिटावर एकूण वेळ २४ ते २८ तास दिसत होती. म्हणजे थांब्याची किंमत अंतरात नसतेच मुळी. ती जमिनीवर जाते: उतरणं, पुन्हा सुरक्षा तपासणी, दुसऱ्या गेटपर्यंतची पायपीट, वाट बघणं, पुन्हा चढणं.

पैशांचं गणित उलटं होतं. सिंगापूर एअरलाइन्सच्या या थेट विमानात इकॉनॉमी वर्गच नाही. ए३५०-९०० यूएलआर या अतिलांब पल्ल्याच्या जातीच्या विमानात फक्त १६१ आसनं: ६७ बिझनेस, ९४ प्रीमियम इकॉनॉमी. कारण इंधन. एवढ्या लांब जायला १,६५,००० लिटरपर्यंत इंधन मावेल अशी सोय त्यात केलेली आहे, आणि ते वजन उचलायचं तर माणसं आणि सामान कमी घ्यावं लागतं. आम्हाला प्रीमियम इकॉनॉमीचं जाऊन-येऊन तिकीट माणशी ३,००० सिंगापूर डॉलरच्या आसपास पडलं. एका थांब्याचं साधं इकॉनॉमी १,७०० ला मिळत होतं. दोघांचे मिळून अडीच हजारांहून जास्त वरचे. हा निर्णय सोपा नव्हता, आठवडाभर आमची धुसफूस चालली. माझ्या पायांनी शेवटी कौल दिला. इकॉनॉमीच्या आसनात आधी तेरा तास आणि थांब्यानंतर आणखी नऊ तास, याऐवजी पाय लांब करता येतील अशा जागेत अठरा. तब्येत धडधाकट असती तर पैसे वाचवून टोकियोला दोन दिवस उतरले असते, आणि तसंच करा असं तरुण मंडळींना सांगेन.

आसनं निवडताना बघा: मांडणी २-४-२ अशी आहे, त्यामुळे दोघांना खिडकीकडची जोडी मिळते आणि उठताना अनोळखी माणसाला उठवावं लागत नाही. अगदी शेवटच्या काही रांगांत विमान निमुळतं होतं, तिथे कडेला एकेकच आसन आहे. एकट्याने जाणाऱ्यांनी तिकडे नजर टाकावी.

मार्चमध्ये डॉक्टरांकडे गेले. पायात रक्ताची गुठळी होणं, ही माझी मूळ भीती. त्यांनी ती उडवून लावली नाही हे मला आवडलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासाचा दाखला त्यांनी दिला: चार तासांपेक्षा जास्त वेळ बसून प्रवास केला की धोका साधारण दुप्पट होतो, पण दुप्पट होऊनही तो सहा हजारांत एक इतकाच असतो. माझ्यासारखीला त्याहून थोडा अधिक. उपाय तीन: गुडघ्याखालपर्यंतचे, पाय घट्ट आवळून धरणारे कॉम्प्रेशन मोजे, दर तास-दीड तासाने चालणं, पाणी. स्वतःच्या मनाने ॲस्पिरिन घ्यायची नाही, हे दोनदा बजावलं. मोज्यांचं माप सकाळी उठल्या उठल्या द्या, संध्याकाळी सुजलेल्या पायाचं दिलंत तर मोजे सैल होतात. मी ते घरी आधी आठवडाभर वापरून बघितले. पहिल्या दिवशी चढवायला इतका वेळ लागला की दरवाजाबाहेर नवरा हसत उभा.

नवऱ्याची रक्तदाबाची गोळी रोज सकाळची. तिकडे पोचल्यावर सकाळ कुठली धरायची? मे महिन्यात सिंगापूर आणि न्यूयॉर्कमध्ये बरोब्बर बारा तासांचा फरक असतो, घड्याळाचे काटे तेच, फक्त दिवसाची रात्र. हिवाळ्यात तेरा होतो. डॉक्टरांनी त्याला प्रवासात सिंगापूरची वेळ पाळून मग टप्प्याटप्प्याने सरकवायला सांगितलं आणि तसं कागदावर लिहून दिलं. प्रत्येक औषधाचा नियम वेगळा असतो, तेव्हा आपापल्या डॉक्टरांना विचारा. औषधं मूळ पाकिटात, चिठ्ठीसकट, हातातल्या बॅगेत. ती सामानात टाकू नका, सामान तुमच्याबरोबरच पोचेल याची खात्री कुणी देत नाही.

निघायचा दिवस. विमान दुपारचं, आम्ही तीन तास आधी चांगीला. इथे एक गोष्ट नवख्यांना माहीत नसते: आम्ही निघालो त्या टर्मिनलमध्ये सुरक्षा तपासणी गेटवरच होते. म्हणजे आत खरेदी केलेली पाण्याची बाटलीसुद्धा गेटवर रिकामी करावी लागते. अमेरिकेच्या विमानाला तिथे प्रश्नही विचारतात, त्यामुळे गेटवर बरंच आधी बोलावतात. आमच्या गेटच्या आत स्वच्छतागृह नव्हतं, तेव्हा तपासणीच्या आधीच जाऊन या. रिकामी बाटली मात्र बरोबर असू द्या, विमानात ती कर्मचारी भरून देतात आणि दर वेळी छोटा पेला मागायचा संकोच राहत नाही.

विमान उठलं आणि समोरच्या पडद्यावर उरलेला वेळ आला. तो आकडा बघू नका. खरंच सांगते. मी पहिल्या तीन तासांत पंधरा वेळा बघितला असेल आणि दर वेळी तो हलायला तयार नव्हता. मग मी वेळेऐवजी नकाशा लावून ठेवला आणि प्रवास सुसह्य झाला. ध्रुवाकडे आम्ही गेलोच नाही. दक्षिण चीन समुद्र, मग जपानच्या पूर्वेकडून उत्तर पॅसिफिक, वाऱ्याच्या पाठीवर बसून. पडद्यावर एका टप्प्यात वेग ताशी हजाराच्या वर गेला. विमान तेवढंच धावत होतं, बाकीचं वारा ढकलत होता. कापायचं एकूण अंतर १६,००० च्या वर दिसत होतं.

सहाव्या तासाला काळोख झाला आणि मग माझी दुसरी भीती जागी झाली. खाली फक्त समुद्र. दोन इंजिनांचं विमान, काही झालं तर? याचंही उत्तर मी आधी वाचून ठेवलं होतं, ते मनात म्हणत बसले. दोन इंजिनांच्या विमानांना उतरण्याजोग्या विमानतळापासून किती मिनिटांच्या अंतरात राहायचं याचे नियम आहेत, आणि एका इंजिनावर उडत राहण्याची क्षमता तपासूनच तशी परवानगी मिळते. ए३५० ला सर्वाधिक ३७० मिनिटांपर्यंतची मान्यता आहे. नकाशावर अलास्काचं अँकरेज दिसलं तेव्हा मला बरं वाटलं. पुढे चार वैमानिक असतात, आळीपाळीने झोपतात, हेही. शेजारी नवरा पाचवा असल्यासारखा घोरत होता.

चालण्याचं मी वेळापत्रकच केलं होतं. मागच्या बाजूला पाच-सहा जण उभे असायचेच. एक आजी तिथे टाचा वर-खाली करत होत्या, त्यांच्याकडे बघून मीही. कुणाला काही वाटत नाही, लाजू नका. या विमानात केबिनमधला हवेचा दाब साधारण ६,००० फूट उंचीवरचा ठेवतात आणि हवा जुन्या विमानांइतकी कोरडी नसते असं म्हणतात. तरी नाक आणि ओठ सुकलेच. ओठांना लावायचं काहीतरी खिशात ठेवा.

रात्र मात्र विलक्षण होती. मे महिना, त्यात विमान उत्तरेकडे आणि पूर्वेकडे चाललेलं, म्हणजे सूर्य आमच्या समोरून धावत आलेला. डोळा लागतो न लागतो तोच खिडकीच्या कडेला उजाडलं. वाटेत आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली होती, म्हणून हा पुन्हा तोच दिवस. दुपारी निघालो होतो, त्याच तारखेच्या संध्याकाळी उतरलो. बारा ते चौदा तास उलटल्यानंतरचा काळ सगळ्यात जड गेला. झोप नाही, जाग नाही, पुस्तक नको, सिनेमा नको. त्या वेळासाठी काही बिनडोक्याचं काम हाताशी ठेवा. मी विणकाम नेलं होतं. विणलेलं पुढे सगळं उसवावं लागलं, पण वेळ गेला.

जेएफकेला इमिग्रेशनची रांग तासाभराची. अधिकाऱ्याने परतीची तारीख विचारली, बोटांचे ठसे घेतले. नंतर आय-९४ ही अमेरिकेतल्या प्रवेशाची नोंद ऑनलाइन बघून ठेवा, किती तारखेपर्यंत राहता येईल ते त्यावरून ठरतं, व्हिसावरच्या तारखेवरून नाही. मॅनहॅटनला पिवळ्या टॅक्सीचं भाडं ७० डॉलर ठरलेलं, वर टोल, अधिभार आणि टिप धरून शंभरच्या जवळ गेलं. घराच्या दारापासून हॉटेलच्या दारापर्यंत साधारण २५ तास झाले. विमानात साडेअठरा, म्हणजे पावभर वेळ जमिनीवरच. पाय? मोजे काढले तेव्हा घोटे जागेवर होते. मुंबईच्या फेरीनंतर असतात त्यापेक्षा बरे. मी तिथेच पलंगावर बसून रडले थोडी, लेकीला वाटलं तिला बघून.

जेट लॅगबद्दल थोडक्यात: शरीर दिवसाला साधारण एक तास सरकतं म्हणतात, म्हणजे बारा तासांना बारा दिवस. समारंभ पोचल्यानंतर चौथ्या दिवशी होता आणि मी त्यात दोनदा पेंगले. शक्य असेल तर आठवडा हातात ठेवा.

परतीचा प्रवास रात्रीचा, आणि मला वाटलं आता वारा समोरून, म्हणजे तास वाढणार. वेळापत्रकात मात्र जवळपास तेवढाच वेळ होता. कारण विमान पुन्हा पूर्वेकडेच निघालं! अटलांटिक, युरोप, मग आशिया. दर वेळी असंच जातं असं नाही, त्या दिवशीच्या वाऱ्यावर ठरतं. पण आम्ही जाताना पूर्वेला, येतानाही पूर्वेला, म्हणजे नकळत अख्खी पृथ्वीप्रदक्षिणा झाली. गावं समोरासमोर असण्याचा हा फायदा: कुठूनही जा, अंतर थोडंफार तेच. वाटेत पडद्यावर नागपूर हे नाव आलं. आत्या तिथे राहते. तिच्या डोक्यावरून गेलो आणि तिला कळलंही नाही.

रात्री निघून पहाटे पोचलो, पण मधली एक अख्खी तारीख विमानातच संपली. परतीच्या आरक्षणात पोचण्याची तारीख दोन दिवसांनंतरची असते, ती नीट बघा. कामावर रुजू व्हायचा दिवस, घरची चावी ज्यांच्याकडे आहे त्यांना सांगायचा दिवस, सगळं त्यावर ठरतं. सिंगापूरचं अरायव्हल कार्ड पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं असतं, पीआरनाही. ते फुकट आहे, पैसे मागणारी संकेतस्थळं खोटी समजा. आम्ही निघायच्या आदल्या दिवशी भरलं.

परत आल्यावर झोपेची घडी बसायला जातानापेक्षा जास्त दिवस लागले. डॉक्टरांनी सांगितलं होतं म्हणून उतरल्यावरही काही दिवस पोटरीकडे लक्ष ठेवलं: एकाच पायाला सूज, दुखरेपणा, लाली किंवा अचानक धाप लागली तर लगेच दवाखाना गाठायचा. तसं काही झालं नाही.

लेकीला तिथेच नोकरी लागली आहे, त्यामुळे पुन्हा जाणं आहे. जाताना थेटच जाणार, कारण पोचल्यावर अंगात त्राण हवं असतं. येताना घाई नसते, तेव्हा फ्रँकफर्टला एक रात्र थांबून दोन तुकड्यांत यायचा विचार आहे. नवऱ्याने युरोपसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा फॉर्म काढून ठेवलाय.